माल पातळ करायचा की दर वाढवायचा?

सप्रेम नमस्कार. मी पाटण तालुक्यात घरांची आरसीसीची कामं मजुरीच्या दरानं घेतो. सिमेंट, सळई, खडी मालकाची. सेंट्रिंग (स्लॅबखालच्या प्लेटा आणि टेकू) आणि माणसं माझी. दहा वर्षं एका मिस्त्रींच्या हाताखाली शिकलो, आता दोन वर्षं स्वतःची कामं घेतोय. चार गोष्टी विचारायच्या आहेत. स्लॅब भरायला येणारी गँग मिक्सरमध्ये मनाला येईल तेवढं पाणी ओतते. क्रश सँडमुळे (दगड फोडून केलेल्या वाळूमुळे) माल घट्ट होतो, पसरत नाही, असं म्हणतात. अडवलं तर 'दुसरी गँग बघा' म्हणतात आणि मालकही त्यांचीच बाजू घेतो. दुसरं, आठव्या दिवशी सेंट्रिंग खोला म्हणून मालक मागं लागतो. खरं सांगायचं तर प्लेटा अडकून पडल्या की माझंही पुढचं काम अडतं. तिसरं, माझ्याकडे घमेली उचलणाऱ्या एका ताईंचे पाय सिमेंटनं इतके खाल्ले की त्यांना आठवडाभर घरी बसावं लागलं. माझ्यासारख्या लहान ठेकेदाराला सुरक्षिततेचं किती करता येतं? आणि चौथं, फेब्रुवारीत माझा एक स्लॅब फारच पातळ मालानं भरला गेला. घर अजून पुरं व्हायचंय. ते मनातून जात नाही. काय करू?
— एक तरुण ठेकेदार, पाटण

नमस्कार.

तुमचे पहिले तीन प्रश्न मला एकाच प्रश्नाचे तीन तुकडे वाटतात. मापाचं पाणी, सेंट्रिंगचे जास्तीचे दिवस, कामगारांचे गमबूट या तिन्हींना पैसे लागतात आणि यातलं काहीच तुमच्या दरात धरलेलं दिसत नाही. म्हणून प्रत्येक गोष्ट साइटवर भांडून मिळवायची वेळ येते. मिक्सर फिरतोय, वीस माणसं खोळंबली आहेत, मालक आभाळाकडे बघतोय, अशा वेळी पाण्यावरून घातलेला वाद तुम्ही हरणारच. तो वाद पंधरा दिवस आधी, दर ठरवताना घालायचा असतो. चौथा प्रश्न वेगळा आहे, त्याच्याकडे शेवटी येऊ.

आधी पाणी. ५० किलोच्या एका पोत्यातल्या सिमेंटला पूर्ण घट्ट व्हायला साधारण २० लिटर पाणी पुरतं. त्यावरचं सगळं पाणी माल हलवता यावा, सळयांमधून खाली उतरावा एवढ्यासाठीच असतं. ते पुढे उडून जातं आणि जिथं होतं तिथं बारीक पोकळ्या ठेवून जातं. त्या पोकळ्यांतून तुमच्याकडचा धो-धो पाऊस आत शिरतो, सळई गंजते, फुगते आणि काही वर्षांत छताचे पोपडे पडायला लागतात. तोवर ठेकेदार विसरलेला असतो, आणि मालक सिमेंटला दोष देत असतो.

आयएस ४५६ या आपल्या काँक्रीटच्या मानकात (२००० सालची आवृत्ती) एम २० ग्रेडच्या (ग्रेड म्हणजे ताकदीची प्रत, आकडा मोठा तितकी ताकद जास्त) नेहमीच्या प्रमाणासाठी एका पोत्याला वाळू आणि खडी मिळून २५० किलो आणि पाणी जास्तीत जास्त ३० लिटर सांगितलं आहे. आता गँगमधल्या कुणी 'जरा सैल कर रे' म्हणून १५ लिटरची एक बादली वरून ओतली तर पाणी ४५ लिटर होतं. सिमेंटच्या वजनाच्या ०.६ पट होतं, ते ०.९ पट झालं. एवढ्यानं काँक्रीटची ताकद निम्म्याच्या आसपास येऊ शकते. मालकानं एम २० चे पैसे मोजले, इंजिनिअरनं एम २० धरून सळई काढली आणि प्रत्यक्षात वर पडलं ते एम १० च्या जवळपासचं.

ते ३० लिटरसुद्धा सगळे बादलीतून जात नाहीत, हे पुष्कळ जुन्या मिस्त्रींनाही कुणी सांगितलेलं नसतं. एका पोत्याला साधारण ८० किलो वाळू लागते. धुतलेली क्रश सँड ओलीच येते. तिच्यात पाच टक्के ओल धरली तरी चार लिटर पाणी आधीच आत आहे. मग मिक्सरमध्ये वरून २६ लिटरच जायला हवं. आदल्या रात्री वळीव पडून ढीग भिजला असेल तर आणखी कमी.

घमेल्याच्या मापावर विसंबू नका. एक बाई शिगोशिग भरते, दुसरी पाऊण, आणि दुपारनंतर सगळीच घमेली हलकी होतात, त्यात त्यांची काही चूक नाही. लाकडाचा किंवा पत्र्याचा फर्मा करून घ्या, आतून ४० सेंटिमीटर लांब, ३५ रुंद, २५ खोल. तो बरोबर ३५ लिटरचा होतो, म्हणजे सिमेंटच्या एका पोत्याएवढा. एम २० साठी एका पोत्याला दीड फर्मा वाळू आणि तीन फर्मे खडी. दीड फर्म्यासाठी दुसरा अर्ध्या उंचीचा फर्मा ठेवा, म्हणजे अंदाज करायला नको. वाळू दमट असेल तर ती फुगते आणि मापात कमी पडते, म्हणून दमट वाळू वीसेक टक्के जास्त घ्यावी लागते. पाण्यासाठी मिक्सरजवळ रेघा आखलेल्या दोन बादल्या आणि बादली ओतणारा तुमच्या विश्वासातला एकच माणूस. त्याच्या हाताशिवाय मिक्सरमध्ये पाणी जाणार नाही, हे गँग ठरवतानाच सांगून टाका. मिक्सरवर पाइप नकोच.

तुमच्या भागाबद्दल एक सांगायला हवं. अशा ठरावीक प्रमाणानं एम २० पर्यंतचंच काँक्रीट करता येतं. एम २५ किंवा त्यावरचं हवं असेल तर प्रयोगशाळेतून मिक्स डिझाइन, म्हणजे त्या मालासाठी नेमकं प्रमाण, ठरवून घ्यावं लागतं. आणि मुसळधार पावसात उघडं राहणारं, पुन्हा पुन्हा भिजून वाळणारं काँक्रीट मानकाच्या हिशेबात कडक परिस्थितीत मोडतं. तिथं एम ३० आणि पाण्याचं प्रमाण ०.४५ च्या आत मागितलं आहे. पाटणच्या पश्चिमेला, डोंगराच्या बाजूला घर असेल तर ग्रेड कोणता धरायचा हे इंजिनिअरला आधी विचारा आणि उत्तर कागदावर घ्या.

गँगची तक्रार मात्र सरसकट खोटी म्हणू नका. क्रश सँडचे कण टोकदार असतात आणि तिच्यात पूड जास्त असली की माल खरोखरच चिकट, जड होतो. दगडाच्या वाळूत १५० मायक्रॉनच्या चाळणीतून जाणारी पूड २० टक्क्यांपर्यंत चालते. काही क्रशरवाले वाळू म्हणून देतात तो निव्वळ डस्ट असतो. ढिगाच्या मधून मूठभर वाळू उचलून घट्ट दाबा. हात उघडल्यावर लाडू तसाच राहिला आणि तळवा राखाडी पिठानं भरला तर तो डंपर परत पाठवायला मालकाला सांगा. खडीही बघा. चपट्या, लांबट खडीनं माल अडतो. नुसती २० एमएम वापरण्यापेक्षा २० एमएम साठ टक्के आणि १० किंवा १२ एमएम चाळीस टक्के अशी मिसळ केली तर त्याच पाण्यात माल पुष्कळ सुटा चालतो. मे महिन्यात तापलेली कोरडी खडी मिक्सरमधलं पाणी पिते, म्हणून आदल्या संध्याकाळी खडीच्या ढिगावर पाणी मारून ठेवा. तिची धूळही धुतली जाते.

एवढं करूनही माल सैल हवा असेल तर प्लॅस्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता माल सैल करणारा द्रव, वापरा. तो पाण्यात मिसळून घालायचा, कोरड्या सिमेंटवर नाही, आणि डब्यावर लिहिलेल्या मापानंच. हात सैल सोडला तर माल रात्रभर घट्टच होत नाही. मालक कुरकुर करेल, पण पोत्यामागे येणारा खर्च सांगा आणि त्याच्या बदल्यात किती पाणी वाचतं तेही सांगा. बहुतेक मालकांना आजवर कुणी हे समजावलेलंच नसतं.

आणि व्हायब्रेटर, म्हणजे माल हलवून बसवणारं यंत्र. मालात घालायची त्याची कांडी ती नीडल. गँग पाणी मागते तेव्हा पुष्कळदा ती नीडल चालत नसल्याची भरपाई मागत असते. माल मापाचा घट्ट असेल तर तो हलवायला यंत्र हवंच. चालू व्हायब्रेटर, जादा नीडल आणि तो धरणारा शिकलेला माणूस, एवढं आदल्या दिवशी साइटवर असलं पाहिजे. नीडल उभी घालायची, पाच ते पंधरा सेकंद ठेवायची, बुडबुडे थांबले की सावकाश वर काढायची. नीडलनं माल ढकलत न्यायचा नाही आणि सळईवर टेकवायची नाही. कॉलम आणि बीम जिथं मिळतात तिथं सळयांची दाटी असते, सगळं हनीकोंब (माल न पोचल्यानं राहिलेल्या पोकळ्या) तिथंच निघतं, त्यामुळे तिथं तुम्ही स्वतः उभे राहा.

आता गँगचा दर. गँग पोत्यावर किंवा चौरस फुटावर उक्तं काम घेते. तिचा फायदा लवकर उरकण्यात आहे, आणि पातळ माल लवकर उरकतो. त्या माणसांना नावं ठेवून काही होणार नाही. दुपारनंतर त्यांचा दुसऱ्या गावात स्लॅब असतो, त्यावर घर चालतं. म्हणून 'मापाचं पाणी' ही अट घालून पोत्यामागे दर थोडा वाढवून द्या, किंवा पूर्ण दिवसाची मजुरी ठरवा. एखादी गँग नाहीच म्हणेल. ठीक आहे, दुसरी बघा. तालुक्यात दोन गँगांनी जरी तुमची अट मान्य केली तरी तुमचं वर्षाचं काम भागेल. हा वाढीव दर तुमच्या कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लिहा. मालकानं ती ओळ खोडली तर कमी दरात पातळ मालाचा स्लॅब त्यानं निवडला असं होतं, आणि मग ते काम तुम्ही सोडावं हे माझं स्पष्ट मत आहे. दोन वर्षांच्या ठेकेदाराला काम सोडणं किती जड जातं याची मला जाणीव आहे.

मालकाला आपल्या बाजूला आणायचा आणखी एक उपाय म्हणजे त्याच्यासमोर मोजून दाखवणं. स्लंपचा पत्र्याचा शंकू ३०० मिलिमीटर उंच असतो. माल भरून, ठासून, शंकू उचलायचा आणि माल किती खाली बसला ते मोजायचं. सळईची दाटी असलेल्या घरगुती स्लॅब-बीमला ५० ते १०० मिलिमीटर बसणं योग्य. पातळ माल जागच्या जागी पसरतो आणि ते बघायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. शिवाय क्यूब, म्हणजे तपासणीसाठी काँक्रीटचे ठोकळे, भरा, १५० मिलिमीटरचे. बाराएक घनमीटरच्या स्लॅबला मानकाप्रमाणे किमान दोन वेळा नमुना घ्यायचा, एका नमुन्याचे तीन क्यूब, २८ दिवसांनी तपासायचे. सात दिवसांसाठी तीन जास्तीचे भरले तर लवकर अंदाज येतो. कराडला अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, तपासणीची चौकशी तिथूनच सुरू करा. गँगला कळलं की क्यूब भरले जाताहेत, की बादलीवरचा हात आपोआप आखडतो.

स्लॅबच्या दिवशी दोन खोडी मोडून काढा. पहिली म्हणजे वर पाणी सुटलं की ते टिपायला कोरडं सिमेंट भुरभुरवणं. त्यानं वर एक कमजोर पापुद्रा तयार होतो, पुढे तो सुटतो किंवा त्याला जाळीसारखे तडे जातात. दुसरी खोड जिवावरची आहे. छज्जा आणि गॅलरीची मुख्य सळई वरच्या बाजूला असते, कारण ओढ वर असते. घमेली घेऊन माणसं त्या सळयांवरून चालतात, चेअर (सळई वर उचलून धरणारे आधार) नसल्या की सळई दबून खाली प्लेटेला टेकते आणि तशीच भरली जाते. वरून काही दिसत नाही. टेकू काढले की छज्जा खाली येतो, कधी टेकू काढणाऱ्याच्याच अंगावर. म्हणून चेअर जवळजवळ लावा, चालायला फळ्या टाका आणि छज्जा भरताना कुणीतरी हातानं सळई वर धरून बघत राहा. तुम्ही कोयनेच्या भूकंपक्षेत्रात काम करता. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप तुमच्या घरातल्या मोठ्यांना आठवत असेल. कॉलमच्या रिंगांचे हूक काटकोनात सोडून देऊ नका, १३५ अंशांत आत वळवा. फिटरला त्यासाठी थोडा जास्त वेळ लागतो, तोही दरात धरा.

स्लॅब झाल्यावरचं पाणी मात्र हात राखून देऊ नका. मजुरीच्या कामात पाणी मारणं मालकाकडे असतं आणि मालक नोकरीवर असतो, म्हणजे ते कुणाकडेच नसतं. साध्या ओपीसी सिमेंटला किमान सात दिवस, कोरड्या उन्हाळ्यात दहा. पीपीसीला (राख मिसळलेल्या सिमेंटला) किमान दहा आणि शक्यतो चौदा. आज घरकामाला बहुतेक ठिकाणी पीपीसीच येतं, पोत्यावर वाचा, आणि पॅकिंगचा आठवडा आणि वर्षही वाचा. तीन महिन्यांच्या वरचं पोतं स्लॅबला नको. स्लॅबवर वाफे करून पाणी साठवा, कॉलमला बारदान गुंडाळून ओलं ठेवा. सकाळ-संध्याकाळ पाइपानं शिंतोडे उडवणं म्हणजे पाणी देणं नव्हे, दुपारी ते काँक्रीट हाडासारखं वाळलेलं असतं. मे महिन्यात वारा असेल तर भरल्यापासून दोन-तीन तासांतच केसासारखे तडे जातात, म्हणून शक्य तितक्या पहाटे भरायला घ्या आणि भरलेला भाग लगेच प्लॅस्टिकनं झाका. या कामासाठी चौदा दिवस एक माणूस, दिवसातून काही तास, असं कोटेशनमध्ये लिहा.

आता आठव्या दिवसाचं. मानकातले दिवस असे आहेत: कॉलम-बीमच्या उभ्या बाजूच्या प्लेटा १६ ते २४ तासांनी निघतात. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू सात दिवसांनी, त्यापेक्षा मोठ्या गाळ्याचे चौदा दिवसांनी. बीमखालचे टेकू सहा मीटरपर्यंत चौदा दिवस, त्यावर एकवीस. हे आकडे ओपीसीचे आहेत, पारा १५ अंशांच्या खाली न जाणाऱ्या हवेतले आणि मापाच्या मालाचे. पीपीसी सावकाश ताकद धरतं. त्यामुळे आठव्या दिवशी सगळं सेंट्रिंग खोलणं चूक आहे, मालक कितीही मागं लागला तरी. छज्जा तर इंजिनिअरनं लेखी सांगितल्याशिवाय खोलू नका. खोलताना गाळ्याचे टेकू मधून कडेकडे काढायचे आणि छज्जाचे बाहेरच्या टोकाकडून भिंतीकडे.

तुमच्या अडचणीवर उत्तर आहे. प्लेटा आणि टेकू ही दोन वेगळी भांडवलं समजा. सेंट्रिंग लावतानाच अशी आखणी करा की काही टेकू फळीच्या पट्टीवर थेट स्लॅबला भिडलेले राहतील आणि त्यांना हात न लावता आजूबाजूच्या प्लेटा सोडवता येतील. सगळं काढून पुन्हा टेकू ठोकणं वेगळं, कारण मधल्या वेळात स्लॅब झुकून बसतो. यासाठी लोखंडी जॅक थोडे जास्त लागतील. ते विकत घ्या किंवा भाड्यानं आणा आणि चौदा-एकवीस दिवसांचं भाडं कोटेशनमध्ये धरा. मग मालकालाही घाई करून काही मिळत नाही.

टेकूखालची जमीन हा माझ्या मते घरगुती कामातला सगळ्यात दुर्लक्षित धोका आहे. पाच इंची ओला स्लॅब चौरस फुटाला २९ किलोच्या आसपास भरतो. हजार चौरस फुटांचा स्लॅब म्हणजे जवळजवळ २९ टन, बीम वेगळे, माणसं वेगळी. तीन-तीन फुटांवर टेकू असेल तर एकेका टेकूवर अडीचशे किलोच्या वर नुसतं काँक्रीट येतं. हे सगळं आपण जोत्यात भरलेल्या कच्च्या मुरुमावर, अर्ध्या विटेच्या तुकड्यावर उभं करतो. मुरूम पाणी मारून ठोकून घ्या, प्रत्येक टेकूखाली रुंद फळी द्या, बल्ली ओळंब्यात उभी करा, जोड असलेली बल्ली वापरू नका आणि टेकू एकमेकांना आडवे-तिरके बांधा. तिरकं बांधलं नाही तर पंपाचा किंवा लिफ्टचा माल एका कोपऱ्यात ढीग करून पडतो आणि सगळं सेंट्रिंग बाजूला लवंडतं. रात्री पाऊस झाला तर सकाळी एकेक टेकू ठोकून बघितल्याशिवाय भरायला घेऊ नका. आणि भरताना खाली कुणीही नको. हे लिहिताना मला साइटवरची मुलं डोळ्यांसमोर येतात. उन्हात सावली कुठे मिळते, तर सेंट्रिंगखाली, आणि बाया तिथंच झोळी बांधतात. मुलांसाठी बांधकामापासून दूर ताडपत्रीची सावली आणि पिण्याचं पाणी ही सोय तुम्ही करा. गँग यायच्या आधी करा.

तुमच्या त्या ताईंबद्दल. ओलं काँक्रीट अत्यंत दाहक असतं, त्याचा पीएच बारा-तेराच्या घरात जातो. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून कळत नाही. संध्याकाळी कातडी गळायला लागते तेव्हा लक्षात येतं. सिमेंटमधल्या क्रोमियमची ॲलर्जी एकदा बसली की पुष्कळदा कायमची राहते, मग नुसत्या चिमूटभर सिमेंटनंही हात फुटतात आणि त्या माणसाची रोजीरोटी जाते. उपाय साधे आहेत. घोट्याच्या वर येणारे गमबूट, रबरी हातमोजे, आणि कपडे मालात भिजले तर बदलायला दुसरे. बुटात किंवा मोज्यात माल शिरला तर ते काढून लगेच धुवायचं, कारण आत अडकलेला माल उघड्या पायापेक्षा जास्त जाळतो. हात धुवायला वेगळा, स्वच्छ पाण्याचा पिंप ठेवा. रॉकेल-डिझेलनं हात धुणं बंद करा. डोळ्यात गेलं तर पंधरा-वीस मिनिटं पाण्याची धार आणि मग थेट डॉक्टर.

बूट दिले तरी घालत नाहीत, असं तुम्ही म्हणाल. बहुतेक वेळा मापाचे नसतात म्हणून घालत नाहीत. बाजारातले बूट पुरुषांच्या मापाचे, आणि घमेली वाहणाऱ्या निम्म्याहून जास्त बाया. लहान मापाचे जोड शोधून आणा. गँग एका दिवसापुरती येते, म्हणून बूट तुमच्या मालकीचे ठेवा, सकाळी द्या, संध्याकाळी धुऊन परत घ्या. ताईंच्या त्या आठवड्याचे बुडालेले पैसे आणि औषधाचा खर्च तुम्ही द्यावा, असं मला वाटतं. आणि त्यांच्यासकट तुमच्या सगळ्यांची महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करून घ्या. वय १८ ते ६०, आदल्या वर्षात ९० दिवसांचं काम. त्या कामाचा दाखला ठेकेदारच टाळतात म्हणून कित्येकांची नोंदणी रखडते. तुम्ही तो मागितल्या दिवशी द्या.

विजेचं थोडक्यात सांगतो, पण ते थोडक्यात असलं तरी दुय्यम नाही. व्हायब्रेटर, मिक्सर, पंप सगळं ओल्यात चालतं. ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळली की लगेच बंद करणारा स्विच) लावलेला बोर्ड स्वतःचा ठेवा, तो सगळ्या साइटवर सोबत न्या. आकडा टाकून वीज घ्यायची नाही, जोडलेली केबल पाण्यात पडू द्यायची नाही. सळई १२ मीटर लांब येते. ती उभी करून वर घेताना बाजूच्या तारेला लागते आणि क्षणात माणूस जातो. घराजवळून तार जात असेल तर सळई कापून न्या किंवा दुसऱ्या बाजूनं चढवा, आणि महावितरणकडे आधीच अर्ज करा. मिक्सरच्या पट्ट्यावर जाळी, फिरत्या ड्रममध्ये फावडं नाही, वर उचललेल्या हॉपरखाली कुणी नाही, पदर खोचलेला. जिन्याच्या मोकळ्या जागेवर फळ्या आणि स्लॅबच्या कडेला बल्लीचा कठडा.

आता फेब्रुवारीचा स्लॅब. तुम्ही स्वतः विचारलंत, त्यामुळे मला खात्री आहे की पुढचं तुम्ही कराल. इंजिनिअरकडून किंवा गँगकडून कळायच्या आधी मालकाला तुम्ही सांगा: माल पातळ होता, मला शंका आहे, तपासून घेऊ. तपासणी होईपर्यंत वरच्या मजल्याचं काम थांबवा, स्लॅबवर विटांचा थर रचू नका, पाण्याची टाकी ठेवू नका. हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन. खालून गाळ्याच्या मध्यावर तडे दिसतात का, छज्जाच्या वरच्या बाजूला भिंतीलगत तडा आहे का, दोरी ताणून पोट सुटलंय का, ते आजच बघा. यातलं काहीही दिसलं तर टेकू परत लावा, मग बाकीचं.

इंजिनिअर आधी रिबाउंड हॅमरनं पृष्ठभाग तपासेल. त्यावरून फक्त अंदाज येतो, तेवढ्यावर सुटकेचा श्वास टाकू नका. शंका राहिली तर काँक्रीटचे गोल तुकडे कापून, म्हणजे कोअर काढून, प्रयोगशाळेत दाबून बघतात. त्यांची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के भरली आणि कुठलाही एक कोअर ७५ टक्क्यांच्या खाली गेला नाही, तर मानकाप्रमाणे काँक्रीट स्वीकारता येतं. कोअर कुठून काढायचे हे इंजिनिअरलाच ठरवू द्या, सळई तुटता कामा नये. निकाल कमी आला तर स्लॅब पाडायलाच लागतो असं नाही. गाळा लहान करणारा लोखंडी किंवा आरसीसी बीम खालून देता येतो, वरचा मजला रद्द करून भार कमी करता येतो. तो निर्णय इंजिनिअरचा. तपासणीचा खर्च निम्मा-निम्मा करायची तयारी तुम्ही दाखवा, पण हे पहिल्याच बैठकीत, मालकाचा राग निवल्यावर बोला.

तपासणीचे आकडे आले की मला कळवा. पुढे काय करायचं ते तुमच्या इंजिनिअरच्या नकाशासकट बघू.